सगळे ड्रॉप सारखेच का वाटतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: काही वर्षं एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरवर ट्रॅक बनवतोय, मिक्सही आता स्वच्छ येतो, तरी ऐकणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘हे कुठंतरी ऐकलंय’. ईडीएम, म्हणजे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत, मुळातच फॉर्म्युला आहे का? आणि त्यात सतार, ढोलकी वगैरे घातली तर ते ओरिजिनल होईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, म्हणून आधी देऊन टाकतो. नुसती घातल्याने होणार नाही. का, ते पुढे ओघात येईल.

आता फॉर्म्युला म्हणायचं कशाला? प्रत्येक ठोक्याला किक (बास ड्रमचा धप्प घाव), १२८ चा टेम्पो (मिनिटाला १२८ ठोके, म्हणजेच १२८ बीपीएम), आठ-सोळा-बत्तीस बारांचे भाग, सुरुवातीला आणि शेवटी नुसते ड्रम. लोक यालाच फॉर्म्युला म्हणतात आणि इथेच गल्लत होते. हे सगळं कामाच्या सोयीतून आलेलं आहे. १२८ बीपीएमला चार ठोक्यांचा एक बार १.८७५ सेकंदांचा होतो. सोळा बार म्हणजे बरोबर ३० सेकंद, बत्तीस बार म्हणजे बरोबर एक मिनिट. एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर सावकाश जायला डीजेला साधारण एवढीच जागा लागते. नाचणाऱ्याच्या अंगालाही आठ-सोळा बारांनी काहीतरी बदलणार हे न मोजता कळत असतं. त्रितालाच्या मात्रा सोळाच असतात म्हणून कुणी तबलजीला साचेबंद म्हणत नाही. ठेका ठरलेला असतो म्हणून तर त्यावर वाजवणाऱ्याने काय केलं ते ऐकू येतं.

त्यामुळे ‘काहीतरी वेगळं’ करायला निघालेली मुलं पहिल्यांदा किक मोडायला जातात, तेव्हा मी त्यांना थांबवतो. तुम्ही साडेसात मात्रांचा ट्रॅक करा हवं तर. आवाज त्याच प्रीसेटमधले, म्हणजे सिंथेसायझरमध्ये तयार मिळणारे, असतील तर ऐकणारा तेच म्हणणार.

माझ्या मते ट्रॅक साचेबंद वाटतो, कारण त्यातले बहुतेक निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेतलेले असतात. माझ्याकडे मिक्सिंगला येणाऱ्या फाइली उघडल्या की हे स्पष्ट दिसतं. किक एखाद्या प्रसिद्ध सँपल पॅकमधली (तयार आवाजांच्या संचातली), आधीच कॉम्प्रेस करून, घासूनपुसून दिलेली. लीड, म्हणजे मुख्य सुरावटीचा आवाज, सीरम या सॉफ्टवेअर सिंथच्या प्रीसेटमधला. बिल्ड-अपला, म्हणजे ताण चढवणाऱ्या भागाला, पांढऱ्या आवाजाचा (व्हाइट नॉइजचा) चढत जाणारा रायझर, त्याखाली स्नेअर आधी ठोक्याला एक, मग दोन, मग चार. मग अर्ध्या बारची शांतता, त्यात कुणा बाईचा कापलेला ‘हे!’, आणि ड्रॉप, म्हणजे ताण सुटून पूर्ण ठेका कोसळतो ती जागा. यातली एकही गोष्ट वाईट नसते. उलट प्रत्येक गोष्ट उत्तम असते, कारण पॅक बनवणाऱ्याला त्याचं काम येतं. त्याने किकची लांबी ठरवली, कुठली फ्रिक्वेन्सी कापायची ते ठरवलं, रायझर किती बारांचा तेही ठरवलं. तुमच्या वाट्याला फक्त हे तुकडे ओळीने लावणं उरलं. मिक्स स्वच्छ येतो तोही बराचसा यामुळेच. तो तुम्हाला तयारच मिळाला होता.

गंमत म्हणजे आज ज्याला आपण साचा म्हणतो, तो कधीतरी कुणाचा तरी अस्सल निर्णय होता. सुपरसॉ घ्या. थोड्या थोड्या बेसूर केलेल्या सात सॉ (करवतीच्या दात्यांसारख्या) लहरी एकत्र, म्हणून तो रुंद, झगमगता आवाज. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रोलंडच्या जेपी-८००० या सिंथवर तो एक पर्याय म्हणून आला, ट्रान्सवाल्यांनी उचलला आणि पुढे प्रत्येक सॉफ्टवेअर सिंथमध्ये त्याची नक्कल बसली. किक पडली की बाकी सगळं दबतं आणि पुन्हा वर येतं, त्या साईडचेनचंही तेच. एरिक प्रिड्झच्या २००४ च्या ‘कॉल ऑन मी’मध्ये तो श्वास गाण्याचं मुख्य आकर्षण होता; आता तो चहात साखर घालावी तसा न विचारता घातला जातो.

बिग रूम, म्हणजे फेस्टिव्हलच्या मोठ्या मंचासाठी केलेलं ईडीएम, त्याची गोष्ट तर फारच जवळची. २०१३ मध्ये मार्टिन गॅरिक्स नावाच्या नेदरलंड्समधल्या सतरा वर्षांच्या मुलाचा ‘अ‍ॅनिमल्स’ आला. ड्रॉपमध्ये जवळजवळ काहीच नाही: जाडजूड किक आणि तिच्यावर टकटक करणारा, लाकडी वाटावा असा एक सूर. त्या काळात ड्रॉप म्हणजे सुपरसॉचे भरगच्च कॉर्ड, त्यामुळे हा रिकामेपणा कानाला धक्का देऊन गेला. आणि मग सगळ्यांनी तो रिकामेपणा भरभरून वापरला. त्याच वर्षाच्या अखेरीस डालेरी या स्वीडिश जोडीने बीटपोर्ट या डीजेंच्या ऑनलाइन संगीत-दुकानावर चालणारे बिग रूम ड्रॉप एकामागून एक जोडून मिनिटभराचा एक तुकडा ऐकवला. सांधा कुठे आहे ते सांगता येत नव्हतं. लोक हसले, पण मला त्यात धंद्याची अडचण दिसली. फेस्टिव्हलच्या मुख्य मंचावर डीजेला तासाभरात पन्नासेक हजार माणसं हलवायची असतात. एकाचा ड्रॉप चालला की दुसरा तोच आकार मागतो. साचा आळसातून येतो त्याहून जास्त भीतीतून येतो.

भीती खरीही असते. २०१३ च्याच मार्च महिन्यात मायामीच्या अल्ट्रा फेस्टिव्हलमध्ये अविची या स्वीडिश डीजेने मंचावर गिटार-बँजो घेतलेले वादक आणले आणि ‘वेक मी अप’ ऐकवलं. समोरची गर्दी चक्रावली, नंतर इंटरनेटवर चेष्टाही झाली. काही महिन्यांत तेच गाणं जगभर वाजत होतं आणि त्यानंतरची एक-दोन वर्षं गिटारची खरड अधिक किक हाच नवा साचा झाला होता. म्हणजे मंचावर गिटार आणणं अविचीने केलं तेव्हा तो निर्णय होता, इतरांनी केलं तेव्हा तो फक्त पर्याय होता.

आता जिथे जरा रेंगाळायचंय तिथे येतो. रोलंडचं टीबी-३०३ हे छोटं चंदेरी खोकं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलं. एकटा सराव करणाऱ्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा, एवढाच त्याचा हेतू. खरा बेस गिटार काही त्यातून वाजेना. खप झाला नाही, १९८४ मध्ये उत्पादन बंद पडलं आणि ती खोकी जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळू लागली. शिकागोत फ्यूचर नावाच्या तिघांच्या हाती एक लागलं. त्यांनी सूर बसवण्याच्या भानगडीत न पडता एकच छोटी ओळ फिरत ठेवली आणि कटऑफ-रेझोनन्सच्या, म्हणजे आवाजाचा रंग बदलणाऱ्या फिल्टरच्या, खुंट्या पिळत बसले. ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ मध्ये रेकॉर्डवर आला, लांबी अकरा-बारा मिनिटं. तो ऐका आणि बोटांवर मोजा, त्यात ‘घटना’ किती आहेत ते. ओळ तीच, ठेका तोच. बदलतो तो फक्त आवाजाचा रंग, तोही इतका सावकाश की कधी बदलला ते कळत नाही आणि मग एकदम लक्षात येतं की आपण भलतीकडेच आलोय. रॉन हार्डीने तो म्युझिक बॉक्स क्लबमध्ये एकाच रात्रीत चार वेळा वाजवला, पहिल्या खेपेला लोक बाजूला झाले आणि चौथ्या खेपेला वेडे झाले, हा किस्सा शिकागोवाले आजही सांगतात.

आता एक सल्ला सगळीकडे दिला जातो: तुमची धून हार्मोनियमवर किंवा पियानोवर वाजवून बघा, तरीही चांगली वाटली तर गाणं पक्कं. चालीच्या गाण्याला हा सल्ला ठीक आहे. ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ हार्मोनियमवर वाजवला तर शेजारी पोलीस बोलावतील. नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात सांगण्याची गोष्ट सुरावटीत असेलच असं नाही. ती आवाजाच्या पोतात आणि तो पोत किती वेळात बदलतो त्यात असते. साचेबंद ट्रॅकमध्ये नेमकं हेच मेलेलं असतं. पहिल्या बारातला बेस आणि चौसष्टाव्या बारातला बेस काढून शेजारी ठेवा. तंतोतंत एक निघाले, कॉपी-पेस्ट, तर ऐकणारा का कंटाळतो ते सापडलं.

याच खोक्याची दुसरी गोष्ट आपल्या मुंबईतली आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतात गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांची ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड एचएमव्हीने काढली. टीआर-८०८ या ड्रम यंत्रावर ठेका, टीबी-३०३ वर खालची फिरती ओळ, ज्युपिटर-८ या सिंथवर राग. भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे एकूण दहा. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि ‘शिकागोच्या पाच वर्षं आधी मुंबईत अ‍ॅसिड हाऊस’ अशी बातमी झाली. ते जरा ताणलेलं आहे. शिकागोत खुंटी पिळणं हाच मजकूर होता. सिंगांच्या रेकॉर्डमध्ये स्वर हाच मजकूर आहे. दोघांच्या हातात यंत्र एक आलं, एवढंच.

पण ती रेकॉर्ड आजही ताजी का वाटते, ते बघण्यासारखं आहे. रागाला कॉर्ड बदलावे लागत नाहीत, खाली षड्ज धरला की वर सगळं चालतं. ३०३ ला पण एकाच जागी गोल गोल फिरायला आवडतं. शिवाय ३०३ मध्ये ‘स्लाईड’ आहे: एक स्वर न तुटता घसरत दुसऱ्यावर जातो. मींड नव्हे ती, यंत्राची घसरण ती. दर वेळी सारख्याच वेळात होते. तरीही तोडीच्या कोमल स्वरांवर ती घसरण लागली की कान टवकारतात. म्हणजे रागाची एक गरज आणि यंत्राची एक खोड एकमेकांत बसल्या. सतार कुठेही नाही. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की वाद्य घातल्याने काही होत नाही. सँपल पॅकमधला चार सेकंदांचा सतारीचा लूप ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे ठेका थांबतो त्या भागात, टाकून मग तोच जुना ड्रॉप आणणं, याला आपल्याकडे फ्यूजन म्हणतात. मी त्याला लग्नाच्या हॉलच्या दारातली प्लास्टिकची झेंडूची माळ म्हणतो.

गोव्याचंही एक सांगतो, कारण साचा कसा तयार होतो ते तिथे अगदी उघड दिसतं. हणजुणे-वागातोरच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत १९९० च्या सुमारास डीजे रेकॉर्डऐवजी डॅट (डिजिटल ऑडिओ) टेप वाजवायचे. उन्हा-दमटपणात, रेतीत व्हिनाईलचे हाल होत आणि प्रवासात टेप हलकी पडे. पण साध्या डॅट यंत्रावर वेग कमी-जास्त करता येत नाही, त्यामुळे दोन ट्रॅकचे ठोके जुळवता येत नाहीत. उपाय काय? ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी ठोक्याविना तरंगणारे लांबलचक भाग ठेवायचे आणि ते एकमेकांत विरघळवायचे. आता डीजेच्या यंत्रांवर टेम्पो बोटाने हलतो. तरी त्या पार्ट्यांतून निघालेला सायट्रान्स आज करणारा ते दीड मिनिटाचं धुकं सुरुवातीला घालतोच, कारण ‘या प्रकारात असं असतं’. कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावर मारलेली ती पूर्वेकडची उडी, किकमागे बेसचे तीन सोळावे हिस्से, सगळं तसंच. तुमच्या प्रकारातल्या प्रत्येक सवयीला एकदा विचारा, की तू कशासाठी आलीस. उत्तर अजून लागू असेल तर ठेवा. बत्तीस बारांच्या ड्रमच्या इंट्रोचं उत्तर अजून लागू आहे. रायझरचं बहुतेक वेळा नाही.

पश्चिम महाराष्ट्रातला एक मुलगा माझ्याकडे ट्रॅक घेऊन आला होता. गावच्या जत्रेत कुस्तीच्या फडाशेजारी त्याने फोनवर हलगी रेकॉर्ड केली होती, शेकोटीवर तापवून कडक केलेली, आवाज असा की अंगावर यावा. मागे गर्दी, शिट्ट्या, लाऊडस्पीकर. कच्चं रेकॉर्डिंग ऐकून मी खुर्चीत सरसावून बसलो. मग त्याने ट्रॅक लावला आणि हलगी पार बसलेली. कारण सोपं होतं. त्याने सगळे घाव कापून ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या नेमक्या वेळेच्या रेघांवर, खेचून बसवले होते (क्वांटाईझ), गर्दीचा आवाज गेटने, म्हणजे हलके आवाज बंद करणाऱ्या साधनाने, काढला होता आणि वर पॅकमधली किक ठेवली होती. म्हणजे हलगीचा निव्वळ ‘टक’ उरला आणि वाजवणारा नाहीसा झाला.

आम्ही उलट केलं. मूळ रेकॉर्डिंग अखंड ठेवलं, टेम्पो त्याच्यावरून काढला. मोठं करून पाहिलं तर जोरदार घाव ग्रिडच्या वीसेक मिलिसेकंद आधी येत होते आणि मधले हलके घाव जरा रेंगाळत होते; घाई आणि ढील दोन्ही एकाच माणसाच्या हातात. मग किक हलगीच्या मागे नेली, ग्रिडवरून किंचित हलवून. बेसलाईन काढून टाकली आणि किकचीच शेपूट लांब करून तिला सूर दिला, कारण हलगीची खणखण वर इतकी जागा घेत होती की खाली एकच आवाज पुरे होता. गर्दीचा आवाज बिल्ड-अपसाठी वापरला. फिल्टर उघडत गेलं की जत्रा जवळ येत जाते, रायझर लागतच नाही. यातलं एकही तंत्र नवीन नाही. पण प्रत्येक पुढचा निर्णय हलगीने करायला लावला, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा ट्रॅक तसा होणं शक्य नव्हतं. ओरिजिनल म्हणजे मला एवढंच अभिप्रेत आहे: एक गोष्ट पक्की तुमची धरायची आणि बाकीच्यांनी तिच्यामागून यायचं.

ग्रिडचा विषय निघालाच आहे तर थोडा हिशोब. १२८ बीपीएमला सोळावा हिस्सा सुमारे ११७ मिलिसेकंदांचा. स्विंग, म्हणजे मधले हिस्से किती उशिरा पडतात ते, ५० टक्के म्हणजे अगदी सरळ. ५४ टक्के केला तर प्रत्येक दुसरा सोळावा हिस्सा सुमारे ९ मिलिसेकंद उशिरा येतो. कानाला वेगळा ‘ऐकू’ येत नाही, पण कंबरेला कळतो. बहुतेक प्रोजेक्टमध्ये या आकड्याला कुणी हातच लावलेला नसतो. हाय-हॅटला ५४, परकशनला ५७ आणि किक सरळ, असं करून बघा, दोन स्विंग एकमेकांना घासतात. लंडनच्या बरिअल नावाच्या निर्मात्याने तर २००७ चा ‘अनट्रू’ हा अख्खा अल्बम साध्या ऑडिओ एडिटरमध्ये, ग्रिडशिवाय, नजरेने लहरी जुळवत केला. त्याचे ड्रम अडखळतात, आणि दुसऱ्या कुणाचे असूच शकत नाहीत.

बिल्ड-अपबद्दल आपल्याकडे एक मोठी सोय आहे आणि ती फार कमी जण वापरतात. ड्रॉप म्हणजे अखेर समेवर येणं. सम येतेय हे सांगायला आपल्याकडे तिहाई आहे, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं, पांढरा आवाज फुगवायची गरज नाही. एका बारात सोळा सोळावे हिस्से. पाच हिश्श्यांचा एक तुकडा घ्या, तिसऱ्या हिश्श्यापासून सुरू करा आणि मध्ये जागा न सोडता तीनदा वाजवा. शेवटचा घाव सतराव्यावर, म्हणजे पुढच्या बारच्या पहिल्या किकवर पडतो. पाचाचा तुकडा चारच्या ठोक्यांवरून तिरका जात राहतो, त्यामुळे ताण आपोआप चढतो आणि सुटतो तोही बरोब्बर जागेवर. हे तबल्याच्या सँपलने करू नका. तुमच्या बेसने करा, नाहीतर कापलेल्या आवाजाने. तबल्याने केलंत तर ऐकणारा ‘अच्छा, तिहाई’ म्हणेल आणि ताण जाईल.

तुमच्यासाठी काम सांगायचं तर हे. शेवटचा केलेला ट्रॅक उघडा. रायझर, स्नेअर रोल, ड्रॉपआधीचा ‘हे!’ आणि सगळे क्रॅश म्यूट करा. ड्रॉप येतोय हे आता कळतं का? कळत नसेल तर ट्रॅक बाहेरच्या खुणांवर उभा होता. आतल्या आवाजांनीच ताण कसा वाढवायचा ते शोधा, कटऑफ, स्वरांची लांबी, काय काढून घेता येईल ते. मग सगळ्यात महत्त्वाचा आवाज निवडा, एकच, आणि तो स्वतः बनवा: रिकाम्या सिंथवरून, किंवा फोनवर काही रेकॉर्ड करून. बाकी सगळं पॅकमधलं राहिलं तरी हरकत नाही. आणि त्या एका आवाजाची एकतरी खुंटी ट्रॅकभर हाताने फिरवून रेकॉर्ड करा, माऊसने रेघ ओढून नको. पट्टीनं ओढल्यासारखी सरळ चढणारी रेघ आणि माणसाच्या बोटाने केलेली चढण यांतला फरक लहान मुलालाही कळतो.

प्लगइनची यादीही तुम्ही पाठवली होती, कुठला घेऊ म्हणून. एकही नको. त्या पैशात चांगला वेगळा मायक्रोफोन येईल, नाहीतर वापरलेला एखादा खुंट्यांचा कंट्रोलर. आणि तुमचा तो १२६ बीपीएमवाला ट्रॅक, ज्यात मागे कुकरच्या शिट्ट्या चुकून आल्यात म्हणून तुम्ही माफी मागितलीत, तो काढू नका. शिट्टीचा सूर कोणता आहे ते बघा, बेस त्या सुरात लावा, त्यातले बाकीचे सोळा चॅनल म्यूट करा आणि तिथून पुन्हा सुरू करा.